बिनहाकेचं वर्ष

ङ हे अक्षर मी एकतीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलं आणि एकतीस वर्षं त्याला भीत राहिले.

हसायचं तर हसा. महाल भागातल्या एका शाळेत मी बाई होते. यमुताईंचा वर्ग म्हणजे अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणायचे, आणि धपाटा घालण्यातही माझा हात कोणी धरत नसे. पण अक्षरांना स्वभाव असतात हे माझं मत मी कधी सोडलं नाही. क कमरेवर हात ठेवून उभा असतो, भांडायला तयार. ठ मांडी घालून बसतो आणि उठता उठत नाही. म म्हणायला ओठ मिटावे लागतात, म्हणून तो घरातलं घरात ठेवतो. ह म्हणजे नुसता श्वास, त्याच्या भरवशावर काही सोडू नये. माझ्या सुनेचं नाव नूपुर. न ची माणसं आधी नाही म्हणतात आणि मग ऐकतात, हे मी लग्न ठरतानाच माझ्या मुलाला, ऋषिकेशला, सांगून ठेवलं होतं. तो हसला. ऋ ची माणसं सगळंच हसण्यावारी नेतात.

वर्गाच्या भिंतीवर तक्ता होता. क ला कमळ, ख ला खटारा, ग ला गणपती, घ ला घर. त्यापुढच्या चौकोनात ङ आणि खाली कोरा पांढरा कागद. दरवर्षी एखादं तरी पोर विचारायचंच की बाई, याचं चित्र कुठं गेलं. मी छडी चटकन पुढच्या ओळीवर न्यायची आणि च चमच्याचा म्हणून मोठ्यानं सुरू करायची. क, ख, ग, घ हे चौघे तोंडातून बाहेर पडतात. ङ नाकात अडकून राहतो. त्याच्यापासून कोणतंच नाव निघत नाही.

माझी भीती उगाच आलेली नव्हती. मी सात वर्षांची असताना मला भाऊ झाला. आमच्याकडे मूल ज्या नक्षत्राच्या ज्या चरणावर जन्मतं, त्या चरणाच्या अक्षरावरून त्याचं नाव ठेवायची रीत आहे. आर्द्रा नक्षत्राची चार अक्षरं म्हणजे कू, घ, ङ आणि छ. भाऊ तिसऱ्या चरणावर जन्मला, म्हणजे ङ वर. अशा वेळी लोक शेजारचं अक्षर घेतात आणि मोकळे होतात. आमच्या वडिलांनीही घ घेतला आणि घनश्याम नाव ठेवलं. मी त्याला घनू म्हणायची. सकाळी उठल्यापासून घनू, घनू. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडापासून हाका मारत यायची, आणि तो पाळण्यात पाय झाडायचा. दहा महिन्यांचा असताना तीन दिवस ताप आला आणि तो गेला.

घर पाहुण्यांनी भरलं होतं तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ज्याला नावच नव्हतं त्याला तू दिवसभर हाका मारत होतीस. तुझ्या हाका ऐकून त्याला शोधत आलं ते."

पुन्हा ती आयुष्यात कधी हे बोलली नाही. पुन्हा बोलायची गरजही नव्हती.

तिनंच मग घराला नियम घालून दिला. आपल्या कुळात पुन्हा कोणी या चरणावर जन्मलं तर वर्षभर त्याचं नाव ठेवायचं नाही आणि त्याला हाक मारायची नाही. नाव नसलेल्याला नावाशिवायच ठेवायचं, म्हणजे शोधायला आलेलं हात हलवत परत जाईल. पुढे साठ वर्षं कुणी त्या चरणावर जन्मलं नाही. मी शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, नवरा वारला, महालातली खोली सोडून शहराच्या टोकाला बेसा भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तो नियम मी विसरले असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी जानेवारीत नूपुरला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, इतका छोटा की नर्सच्या दोन तळहातांत मावला. अठरा दिवस तो काचेच्या पेटीत होता. कावीळ झाली, जंतुसंसर्ग झाला, इंजेक्शनांनी हाताला जागा उरली नाही. ऋषिकेश हिंगण्याच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून मोटरसायकलवर थेट दवाखान्यात यायचा आणि बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. सहाव्या दिवशी माझा मोठा भाऊ मधुसूदन पंचांग घेऊन आला. त्यानं वेळ विचारली, बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि पंचांग मिटून पिशवीत टाकलं.

मी विचारलं, कोणतं अक्षर? तो म्हणाला, "राहू दे ना वं यमे. राशीचं कोणतंही घेता येते." त्याचा चेहरा पाहून मला कळलं. घनू गेला तेव्हा तोही त्याच घरात होता.

मी नियम सांगितला तेव्हा नूपुर आधी नाहीच म्हणाली. तिनं नाव ठरवून ठेवलं होतं म्हणे. मी वाद घातला नाही. काचेपलीकडे त्या एवढ्याशा छातीची धडधड दिसत होती. तिकडे बोट दाखवून मी एवढंच म्हटलं की याच्यावर पैज लावायची असेल तर लाव. ती रडायला लागली आणि मग ठीक आहे म्हणाली. बाळंतिणीला असं घाबरवणं हा दुष्टपणा होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी स्वतः इतकी घाबरलेली होते की तिला सोबत घेतल्याशिवाय मला ते पेलवत नव्हतं.

मूल घरी आलं. पेटीतून काढताना डोळे तपासले होते. कानाबद्दल कोणी काही सांगितलं नाही, की सांगितलं आणि आमच्या डोक्यात शिरलं नाही, देव जाणे. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी राहिली. वर्षभरात भरता येते असं तिथल्या माणसानं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, चला, सरकारचाही नियम आपल्यासारखाच आहे.

आमचं घर त्या वर्षी कसं चाललं ते ऐकून तुम्हाला हसू येईल. हाक म्हणून मारायची नाही. लांबून 'बाळा' नाही, 'ए सोन्या' नाही, चुटकी नाही की टाळी नाही. त्याच्यासमोर जाऊन, त्यानं आपल्याकडे पाहिल्यावरच बोलायचं. आपसात बोलताना आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणायचो. पाहुणा झोपला का, पाहुण्यानं दूध ओकलं का. ऋषिकेशला याची गंमत वाटायची. नूपुर चार महिन्यांनी बँकेत कामावर जायला लागली आणि दिवसभर मूल माझ्याकडे राहायला लागलं.

आणि तो वाढला. गालांवर मांस आलं, दात आले, पालथा पडून साऱ्या घरभर सरपटायला लागला. माणसाच्या चेहऱ्याकडे असा टक लावून पाहायचा की समोरच्यानं लाजावं. मी समोर दिसले की दोन्ही हात वर करायचा. साठ वर्षांनी माझ्या छातीवरचं काहीतरी हलकं झालं होतं. नियम लागू पडत होता.

शांत मूल, असं सगळे म्हणायचे. कुकरच्या शिट्टीनं दचकत नाही, वरच्या मजल्यावर ड्रिल चालली तरी झोप मोडत नाही. मीही कौतुकानं सांगायची.

सप्टेंबरात मारबत आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, बडगे अशा पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि सारं शहर रस्त्यावर येऊन त्यांच्यामागे ओरडतं की रोगराई घेऊन जा गे मारबत. लहानपणापासून मी ती महालात मधुसूदनच्या ओट्यावरून पाहत आले. साडेसात महिन्यांच्या नातवालाही नेलं. घरातली इडापीडा तेवढीच बाहेर जाईल, असा माझा हिशेब होता.

पिवळी मारबत कोपऱ्यावर वळली तेव्हा ढोल इतके जवळ आले की ओट्याची फरशी पायाखाली थरथरत होती. पोरं घसा फाडून ओरडत होती. शेजारणीच्या कडेवरची मुलगी रडून रडून निळी पडली. कोणीतरी पायाशीच फटाक्यांची लड लावली आणि मीच किंचाळले.

माझ्या खांद्यावर तो झोपलेला होता. श्वास सारखा चालला होता. पापणीसुद्धा हलली नाही.

वहिनी म्हणाली, काय गुणाचं पोरगं आहे वं. मी पहिलीच्या एवढ्या मुलांना शिकवलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी एखादं मूल यायचं, जे पाठ वळली की ऐकायचं नाही, ओठांकडे पाहायचं, आणि आईबाप म्हणायचे की लक्ष नसतं हो त्याचं. ते डोळे मला माहीत होते. तसेच डोळे माझ्या खांद्यावर मिटलेले होते आणि साडेसात महिने मला ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. तो हॉलमध्ये पाठमोरा बसून चेंडू चाटत होता. मी स्वयंपाकघरातलं मोठं ताट घेतलं आणि त्याच्या मागे दोन हात अंतरावर उभी राहून फरशीवर सोडलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून काय पडलं म्हणून विचारलं. तो चेंडू चाटत राहिला. मग ताट गोल फिरत फिरत त्याच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा त्यानं वळून पाहिलं आणि मला बघून हात वर केले.

कोणीही शहाणी बाई त्याच दुपारी मुलाला फोन करेल. मी केला नाही. का केला नाही ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

मला वाटलं, अक्षरानं आपला वाटा घेतला. जीव न्यायला आलं होतं, नाव सापडलं नाही, म्हणून कान घेऊन गेलं. आता जीव तरी ठेवेल. मी बोलले, तर हे लोक त्याला घेऊन दवाखान्यात जातील, तिथं दहा माणसं त्याला मागून हाका मारून पाहतील, आणि जे परत गेलं होतं ते वळून येईल. साडेचार महिने उरले होते. आणि त्याहून वाईट एक विचार माझ्या मनात आला, आणि आला तेव्हा मला बरं वाटलं. ज्याला हाक ऐकूच येत नाही, त्याला हाक मारून नेणार तरी कसं?

असं बरं वाटलेली बाई मी आहे. त्या दिवसापासून मी त्याच्याजवळ जाताना मुद्दाम पाय आपटत जायची, म्हणजे फरशी हलली की तो वळायचा. नूपुरला वाटायचं, आजीची चाहूल लागली की कसा पाहतो. मी तिला तसं वाटू दिलं.

ऑक्टोबरात नवव्या महिन्याची लस होती. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य केंद्राचं शिबिर लागलं, आणि टेबलामागे निळ्या कोटात दीक्षा बसलेली. तिनं मला पाहिलं आणि इतक्या लोकांत उठून पाया पडली. माझ्याच वर्गात शिकलेली मुलगी. तिची आजी, तुळसाबाई, तिला शाळेत सोडायला यायची आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहायची. मी तक्ता घ्यायला लागले की खिडकीबाहेरून सगळ्या पोरांच्या वर तिचा आवाज यायचा. साठीची बाई, अक्षरं शिकत होती. ङ तर ती खणखणीत म्हणायची. एकदा मी तिला म्हटलं होतं की मला या अक्षराची भीती वाटते. तेव्हा ती म्हणाली, "अक्षर नव्हते तवा भेव होतं बाई. आता कायचं भेव?"

दीक्षानं लस टोचली. तो रडला, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. ती कार्ड भरायला लागली आणि नावापाशी थांबली. नाव काहून नाही ठेवलं अजून, असं तिनं विचारलं, मी रीत आहे म्हणाले, ती हसली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पेन खाली ठेवलं. त्याच्या मागे हात नेऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवला, पण तेवढ्यात मी त्याला कुशीत ओढून घेतलं होतं.

"बाई, मागून आवाज देल्यावर वळून पाह्यते का हा?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "पाहतो ना. घरभर पाहतो."

तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग हळूच, रांगेतल्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "पेटीत होता म्हणून विचारून राहिली. ऐकू येत नसन तर सालभराच्या आत समजलं पाह्यजे. मशीन लागते, बोलणं येते. उशीर केला का मग लय कठीण जाते, बाई. मी पाहिले तसे लेकरं."

मी पुन्हा म्हटलं, पाहतो. ज्या मुलीला मी हात धरून अ काढायला शिकवलं, तिच्या डोळ्याला डोळा देऊन मी हे म्हटलं. तिनं विश्वास ठेवला, कारण बाई खोटं बोलत नाहीत असं तिला पहिलीत शिकवलेलं होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आधी एकच भीती होती. आता दोन झाल्या, आणि त्या माझ्या दोन बाजूंना उभ्या. बोलले तर जीव जाईल. नाही बोलले तर बोलणं जाईल. त्याला कधी आई म्हणता येणार नाही, क कमळाचा म्हणता येणार नाही, आणि आजीनं हे जाणूनबुजून केलं असेल. मला जेवण जाईना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी जानेवारीपर्यंतचे आठवडे मोजायची आणि रोज ठरवायची की उद्या सांगू. उद्या तो सरपटत येऊन माझ्या पायाला धरून उभा राहायचा, गरम, जिवंत, लाळ गाळत, आणि माझी जीभ उचलत नसे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी भाजीला निघाले. ऋषिकेश कामावर होता. फाटकापर्यंत गेले आणि पिशवी विसरले म्हणून परत आले. दार उघडंच होतं. मागच्या गॅलरीतून नूपुरचा आवाज येत होता.

"उन्मेष. उन्मेष. ए उन्मेष."

मी गॅलरीच्या दारापर्यंत गेले. तो तिच्याकडे पाठ करून कुंडीतली माती उकरत होता. ती त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली होती, हातात डाव होता आणि समोर पालथं पातेलं. ती हाक मारायची, मग पातेल्यावर डाव मारायची, मग पुन्हा हाक. आवाज चढत चढत फाटला. तो माती उकरत होता. मला पाहून तिच्या हातून डाव गळून पडला.

मला वाटलं होतं ती चिडेल, भांडेल. ती घाबरली. माझ्यासारखीच घाबरलेली बाई मी आयुष्यात पहिल्यांदा समोर पाहत होते.

"मी दवाखान्यातच नाव ठेवलं होतं, आई," ती म्हणाली. "काचेच्या पेटीत हात घालून रोज हाक मारायची. तुम्ही नको म्हटलंत, तरी मारत राहिले. तुम्ही आंघोळीला गेलात की, देवळात गेलात की. तो वळत नाही. एक महिना झाला, मी बघतेय. मी कोणाला बोलले नाही. माझ्यामुळे झालं ना हे? मी हाक मारली म्हणून?"

मी खाली बसले. ती माझ्या सुनेच्या वयाची राहिली नव्हती. पाहुण्यांनी भरलेल्या घरात उभी असलेली सात वर्षांची कोणी मुलगी होती, आणि तिला काय सांगायचं ते माझ्या हातात होतं. मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. पेटीतल्या त्या आजारपणात झालं असेल, हाका मारून कोणाचं काही जात नाही, घनूही तापानं गेला, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की हे मी मोठ्यानं कधी म्हटलेलंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून तिनं त्याला हाका मारल्या होत्या. रोज. आणि तो पुढ्यात बसून माती खात होता, धडधाकट.

त्या रविवारी आम्ही दोघी खूप रडलो. ऋषिकेश आल्यावर त्याला सांगितलं. तो हसला नाही. त्यानं लगेच फोन करून दवाखान्यातली वेळ घेतली. नूपुर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली की तुम्ही नसतात तर मी वेडी झाले असते.

मारबतीचं मी तिला सांगितलं नाही. किल्ल्यांच्या जुडग्याचंही नाही. अक्षराची भीती त्या दिवशी गेली हो, खरंच गेली, पण तिच्या जागी दुसरी येऊन बसली. हिला कळलं तर हे मूल पुन्हा माझ्या हातात येणार नाही. ही भीती घालवायला कोणतं पंचांग नव्हतं.

तपासणीच्या दिवशी त्याला झोपेचं औषध देऊन डोक्याला तारा लावल्या. जाड दाराच्या खोलीत आम्हाला बसू दिलं नाही. बाहेर माणसानं नाव विचारलं आणि नूपुर म्हणाली, उन्मेष. त्यानं कागदावर लिहिलं. मी त्या उ कडे पाहत बसले. काही झालं नाही. छतावर पंखा फिरत होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आम्हाला समोर बसवलं. औषधाची गुंगी उतरलेला उन्मेष माझ्या मांडीवर होता, माझ्या पदराची किनार तोंडात घालून. ती म्हणाली, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. जन्मानंतरच्या त्या दिवसांतच झालं असावं, तुमच्यापैकी कोणाच्या करण्यानं नाही. आधी मशीन लावू, मग लागलं तर ऑपरेशन, आणि रोज शिकवावं लागेल. अजून वेळ गेलेली नाही, पण यात एकेक महिना मोलाचा असतो.

मग तिनं पेन उचललं आणि विचारलं की घरात पहिल्यांदा कधी लक्षात आलं.

"नोव्हेंबरच्या शेवटी," नूपुर म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मी एक महिना घालवला. माझी चूक आहे."

ऋषिकेशनं तिच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर लिहायला लागली. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच संपत होती. कोणाला कधी कळलं नसतं. आणि माझी सून जन्मभर तो एक महिना उरावर घेऊन फिरली असती, जसं मी घनूला घेऊन फिरले.

"मारबतीला," मी म्हणाले.

डॉक्टरनं वर पाहिलं. "म्हणजे सप्टेंबर?"

"हो. मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी मी ताट टाकून खात्री करून घेतली. लसीच्या वेळी नर्सनं विचारलं होतं. सालभराच्या आत कळलं पाहिजे, असंही म्हणाली होती. मी तिला सांगितलं की वळून पाहतो."

ऋषिकेश माझ्याकडे असा पाहत होता की मी कोण आहे ते त्याला आठवत नसावं. डॉक्टरनं आधीचं खोडून सप्टेंबर लिहिलं.

नूपुरनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं डोळे पुसले, खुर्ची जवळ सरकवली आणि हात पुढे करून माझ्या मांडीवरून उन्मेषला उचलून घेतलं. माझा पदर त्याच्या मुठीत होता. तिनं एकेक बोट उघडून तो सोडवला.